कानामागचं निळं

सर माझ्या हातात मांजरपाटाची पिशवी द्यायचे. पिशवीच्या तोंडाला नाडी होती. हात जाईल एवढंच तोंड उघडं ठेवायचे आणि आत एक हाड असायचं.

"बघायचं नाही. हाताला काय लागतंय ते सांगा, ताई."

समोर पहिल्या वर्षाची मुलंमुली इस्त्रीचे पांढरे कोट घालून उभी असायची. मी फडकं बादलीत टाकून, हात धुऊन, पदर सारखा करून पुढे यायचे. अंगाला घाम फुटायचा. पिशवीत हात गेला की मात्र घाम थांबायचा, कारण हाड ओळखीचं असायचं.

"दंडाचं," मी म्हणायचे.

"कुठल्या दंडाचं?"

"डाव्या."

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही. डॉक्टर होणारेत ते, त्यांनाही कळू द्या."

मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढा माझा आवाज कधीच नव्हता. घरी पाहुणे आले तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. सरांना ते ठाऊक होतं आणि बारा वर्षं ते त्याच एका गोष्टीच्या मागे लागले होते. "दिसलं की बोला, ताई. लाजायचं नंतर बघू." सकाळी भेटले की हे, जाताना भेटले की हे.

मी नगरच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात साफसफाईला आहे. केडगावहून बसनं येते. माझा विभाग शरीररचनेचा. लोकांनी दान केलेले देह तिथे टेबलांवर असतात आणि पहिल्या वर्षाची मुलं त्यांच्यावर शिकतात. मी कामाला लागले तेव्हा आमच्या आळीतल्या बायका माझ्या हातचं पाणी घ्यायला कचरायच्या. मलाही पहिले आठ दिवस तिथे घास उतरला नाही. डबा तसाच परत न्यायचे. नवव्या दिवशी सर स्वतःचा डबा घेऊन व्हरांड्यात आले, माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले आणि माझा ठेचा मागून घेतला.

"लई दिवसांनी असा खाल्ला," म्हणाले.

सर मूळचे पाथर्डीकडचे. एरवी पुस्तकासारखं बोलायचे, पण ठेचा खाल्ला किंवा चिडले की गावाकडचं तोंडात यायचं. चिडायचे ते मुलांवर. मुलं टेबलापासून हातभर लांब, हात मागे बांधून उभी राहायची.

"आरं, हात लाव की! मुलगी बघायला आल्यासारखा काय उभा राहिलाय?"

"सर, ग्लोव्हज..."

"घातलेत की. आता काय हळद लागायची वाट बघतो?"

मुलं हसायची. हसली की पुढे सरकायची. मला वाटतं सर चिडायचेच त्यासाठी.

टेबलाला चुकून धक्का लागला तर सर "माफ करा" म्हणायचे, टेबलावरच्या माणसाला. दान केलेल्यांची नावं मुलांना सांगत नाहीत, तसा नियम आहे. पण नुसता नंबर घेणं सरांना जमायचं नाही. म्हणून ते गावावरून बोलायचे. तीन नंबरचे राहुरीचे आजोबा, पाच नंबरच्या कोपरगावच्या आत्या. "ताई, आत्यांच्या अंगावरचं कापड सुकलंय, ओलं करा." मीही तसंच म्हणायला लागले. एकदा घरी बोलता बोलता "आज आत्यांची काळजी वाटत होती" असं निघून गेलं, तर नवरा विचारतो, कुठली आत्या आणि कुणाची.

फळ्यावर सर दोन्ही हातांनी चित्र काढायचे. एका हातात पांढरा खडू, दुसऱ्यात लाल. चेहऱ्याची डावी बाजू आणि उजवी बाजू एकाच वेळी सुरू व्हायची आणि हनुवटीला दोन्ही खडू येऊन भेटायचे. मुलं टाळ्या वाजवायची. सर मागे वळून म्हणायचे, "टाळ्या काय वाजवताय, वहीत काढा."

कुणाचा देह दारात आला की सर चपला काढून अनवाणी उभे राहायचे. उन्हात फरशी तापलेली असली तरी. बरोबर आलेल्या घरच्या माणसांना नमस्कार करायचे, त्यांना पाणी द्यायला मला सांगायचे, आणि मग कागद बघायचे. कधी कधी कागद बघून सरांचा चेहरा पडायचा. अपघातात गेलेलं माणूस असलं की पोलीस येतात, पोस्टमॉर्टेम होतं, आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह शिकवायला घेता येत नाही. आतलं सगळं आधीच उघडलेलं, हललेलं असतं. सर हात जोडून सांगायचे, "यांची इच्छा मोठी होती, पण आम्हाला घेता येत नाही." ती माणसं परत जायची. टेम्पो वळून फाटकाबाहेर जाईपर्यंत सर अनवाणीच उभे असायचे.

वर्ष संपलं की प्रत्येक देहाच्या घरी सर स्वतःच्या हातानं पत्र लिहायचे. लिहून झालं की मला वाचायला द्यायचे. मी चौथीपर्यंत शिकले आहे. वाचताना मी जिथे अडखळेन तो शब्द सर खोडायचे आणि साधा घालायचे. एकदा मी मुद्दाम न अडखळता वाचलं, म्हटलं त्यांना पुन्हा लिहायला नको. तर म्हणाले, "'कृतज्ञता' इतकी सरळ वाचलीत? खोटं. काढा ती. 'आम्ही तुमचे उपकार विसरणार नाही' असं घालू."

हाडं ओळखायलाही मी सरांकडूनच शिकले. वर्षातून एकदा सगळी हाडं धुऊन गच्चीवर पोत्यांवर वाळत घालायची असतात. पहिल्या वर्षी मी डावी उजवी सगळी एकत्र करून ठेवली आणि मुलांच्या परीक्षेत घोळ झाला. दुसऱ्या वर्षी सर माझ्याबरोबर गच्चीवर येऊन बसले. प्रत्येक हाड स्वतःच्या अंगाला लावून दाखवायचे. "हे असं इथं बसतं. आता तुमच्या हाताला लावून बघा." शेजारच्या इमारतीतून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या दोघांना लागलंय तरी काय.

तिथेच एकदा कवटी हातात फिरवत त्यांनी मला सांगितलं होतं. कानाच्या मागे जो उंचवटा लागतो, त्याच्यावर कातडी निळी पडलेली दिसली तर समजायचं, माणूस डोक्यावर पडलाय आणि आत कवटीचा तळ फुटलाय. मार लागतो एकीकडे, रंग उमटतो तिथे. तोही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. "हे मोठमोठ्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटतं," सर म्हणाले. "कारण कानामागे बघतो कोण?"

मग ते ॲप आलं.

आमच्याकडे एक तरुण मॅडम आहेत, सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी कॉलेजकडून मुलांसाठी टॅब मिळवले. त्यात अख्खा माणूस होता. बोटानं फिरवला की फिरायचा. कातडी काढली की स्नायू, स्नायू काढले की नसा, आणि काही चुकलं तर परत बोट लावायचं, सगळं जागच्या जागी. वास नाही, हात धुवायला नकोत. मुलं खूश होती. सगळ्यांना वाटत होतं, आता सर भडकणार.

सर भडकले नाहीत. त्यांनी एका मुलीकडून ते स्वतःच्या मोबाईलवर घालून घेतलं आणि दुपारभर व्हरांड्याच्या पायरीवर बसून कानातली बारकी हाडं फिरवत राहिले.

"ताई, हे बघा. आयुष्यभर मी हे खडूनं काढतोय आणि मुलं माना डोलावतायत. कळत कुणालाच नव्हतं. आता कळेल."

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाले, "याला काहीच झालेलं नाही."

"कुणाला, सर?"

"या ॲपमधल्या माणसाला. पोटावर टाका नाही, गुडघा झिजलेला नाही, सगळ्या नसा जिथं असायला पाहिजेत तिथंच. आपल्या राहुरीच्या आजोबांचं बघा, दंडातल्या नसेला किती वर फाटा फुटलाय. मुलांनी पुस्तकात बघितलं, आजोबांकडे बघितलं, जुळेना. तासभर भांडली. म्हणे आजोबा चुकलेत."

सर हसले, पण घास हातातच राहिला.

मॅडमनी त्या वर्षी अभ्यास हाती घेतला होता, या ॲपवर शिकून मुलं किती समाधानी आहेत याचा. फॉर्म छापून आले. प्रत्येक प्रश्नापुढे खुणा करायच्या, अजिबात समाधानी नाही पासून पूर्ण समाधानी पर्यंत. सर मॅडमना म्हणाले, "माझा एक प्रश्न घालतेस?"

"सर, फॉर्म मंजूर होऊन आलाय. आता बदलता नाही येणार."

"छापू नकोस. मी फळ्यावर लिहितो. मुलं मागच्या कोऱ्या बाजूला उत्तर लिहितील."

मॅडम हसल्या आणि मान हलवली. सरांना नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'शिकताना हाताला काय लागलं?'

फॉर्म परत आल्यावर सर एकेक उलटून बघत होते. बहुतेकांनी मागची बाजू कोरीच ठेवली होती. एकानं लिहिलं होतं, 'काच.' दुसऱ्यानं, 'चार्जर, कारण बॅटरी लवकर उतरते.' सर इतके हसले की त्यांना खोकला लागला. 'काच' वाला कागद त्यांनी मला दिवसातून तीनदा दाखवला. प्रत्येक वेळी नव्यानं.

संध्याकाळी मी झाडत असताना ते फॉर्मचा गठ्ठा नीट लावत होते.

"समाधानी आहेत हो सगळे."

"मग चांगलंच की, सर."

"चांगलंच आहे." त्यांनी गठ्ठ्याला रबर लावलं. "मी यांच्या वयाचा होतो तेव्हा मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? पहिल्या दिवशी मी टेबलावरच्या माणसाचा हात धरला आणि मला आमच्या चुलत्याचा हात आठवला. समाधान कसलं! पण त्या दिवसापासनं मी कुणाचा हात उगाच धरला नाही."

पुढे ठरलं की हॉलमधली काही टेबलं काढायची आणि त्या जागी पडद्याचं एक मोठं टेबल आणायचं. देह तसेही कमी येत होते. मॅडम हे सांगायला सरांकडे आल्या तेव्हा त्यांचेच डोळे भरले होते. सर म्हणाले, "रडतेस काय? बरोबर आहे ते. खिडकीजवळचं टेबल तेवढं ठेव. ते मला लागणार आहे."

मॅडमना वाटलं, वस्तू ठेवायला.

सरांनी स्वतःचा देहदानाचा फॉर्म भरून ठेवला होता, पण घरच्यांची सही राहिली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, ती बंगळुरूला. ती दिवाळीत आली तेव्हा सर तिला कॉलेज दाखवायला घेऊन आले. ती हॉलच्या दारात थांबली, रुमाल नाकाला लावून.

"आत ये की. सगळी आपलीच माणसं."

"पप्पा, प्लीज."

सर आत कुणाशी तरी बोलायला गेले. ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्हाला काही वाटत नाही रोज इथे?"

मी बादली भिंतीशी ठेवली. तिनं उत्तराची वाट बघितली नाही. म्हणाली, "आई गेली तेव्हा निदान तिची राख तरी हातात आली होती. आणि हे म्हणतात, मला इथं सोडून जा आणि मागे वळून बघू नको. तुम्हीच सांगा, कोणती मुलगी सही करेल?"

पण तिनं सही केली. व्हरांड्यात, भिंतीला कागद लावून. सरांच्या हातात कागद देताना म्हणाली, "तुमच्या हट्टापायी." सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

ती परत गेल्यावर दोन दिवसांनी सरांनी मला हाक मारली. दार लोटायला सांगितलं. त्यांच्या हातात एक कागद होता. पोटात दुखत होतं म्हणून ते पुण्याला एका ओळखीच्यांकडे सोनोग्राफी करून आले होते.

"ताई, एक गंमत आहे. माझ्या दोन्ही किडन्या खालून एकमेकींना जोडलेल्या आहेत. घोड्याच्या नालेसारख्या. जन्मापासून. इतकी वर्षं मला पत्ता नाही."

"दुखतंय का, सर?"

"अहो दुखायचं काय, तेवढा एक खडा होता, तो पडला. ऐका तर. मी टेबलावर आहे. मुलं ॲप बघून आलीयेत, सगळं पाठ. डावी किडनी सोडवायला जातात. ती येईना. ओढतात, येईना. एक म्हणतो चिकटलीय, दुसरा म्हणतो तुला जमत नाही, सरक. मग कुणीतरी एकजण शहाणा हात खाली सरकवतो..." सरांचे डोळे चमकत होते. "आणि तो हात तिथंच थांबतो. बघा. त्या पोराला ते जन्मभर विसरता येणार नाही."

"असं मरणाचं काय बोलता, सर?"

"मरणाचं कुठं? पुढच्या तासाचं बोलतोय."

मग त्यांनी त्या कागदाचे बारीक तुकडे केले आणि माझ्या बादलीतल्या पाण्यात टाकले.

"मुलीला सांगितलेलं नाही. मॅडमलाही नाही. मुलं चलाख आहेत, कागद राहिला की हुडकतील, आणि मग नुसती बघायला जातील. माहीत नसताना हाताला लागलं पाहिजे. फक्त तुम्हाला सांगितलंय, कारण कुणालातरी सांगितल्याशिवाय मला झोप आली नसती. आणि तुम्ही काही बोलायच्या नाहीत."

तुकड्यांवरची शाई सुटून बादली निळसर झाली. मी ती नेऊन मोरीत ओतली.

तो थंडीतला सोमवार होता. सर आले ते मफलर गुंडाळूनच, कानापर्यंत. एका गालाची दाढी नीट झाली नव्हती. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, "डोकं धरलंय थोडं. चहा आणता?" मी चहा ठेवला आणि हॉल पुसायला गेले. परत आले तेव्हा चहावर साय धरली होती आणि सर टेबलावर डोकं टेकून बसले होते. मी दोनदा हाक मारली. मग मी मॅडमच्या खोलीकडे पळाले.

मॅडम धावत आल्या. स्ट्रेचरवरून सरांना शेजारी हॉस्पिटलमध्ये, अपघात विभागात नेलं. तिथले डॉक्टरही सरांचेच विद्यार्थी. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि कानातली नळी काढून मान खाली घातली.

"हार्ट," ते म्हणाले. "गोळ्या चालूच होत्या सरांच्या."

मॅडमनी मुलीला फोन लावला. मग कपाटातून सरांचा फॉर्म आणला, सही असलेला. डोळे पुसत त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सरांचं सगळं तयार आहे. खिडकीजवळचं टेबल कशासाठी ठेवायला सांगितलं होतं ते आत्ता कळलं मला." डॉक्टर दाखला लिहायला बसले. सरांना आमच्या हॉलपर्यंत न्यायला दोन व्हरांडे ओलांडायचे होते, बस.

सरांच्या ओठांपाशी लाळ सुकली होती. असं कसं न्यायचं, म्हणून मी ओलं फडकं आणलं, मफलर सोडवला आणि चेहरा पुसायला लागले. गाल पुसला, हनुवटी पुसली, मान पुसायला डोकं जरासं वळवलं. उजव्या कानामागे, त्या उंचवट्यावर, जांभूळ चिरडल्यासारखा डाग होता.

"कानामागं निळं हाय," मी म्हणाले.

माझा आवाज एवढा मोठा होता की दाराशी उभी असलेली नर्स वळून बघायला लागली. मी कुणी न विचारता, पाचसात माणसांत, आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते.

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते उठून आले, वाकून बघितलं, दुसरा कान बघितला.

"मावशी, सर पडले होते का कुठे?"

"मला न्हाई माहीत."

"जुनं असेल," मॅडम म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "असेल ना जुनं काहीतरी? राहू द्या ना."

मला म्हणता आलं असतं, व्हय, जुनंच हाय. तेवढं म्हणायला हवं होतं. पण माझं तोंड परत मिटलं होतं.

डॉक्टरांनी दाखल्याचा कागद उलटा ठेवला. "मॅडम, हे सरांनीच शिकवलंय मला. आता दिसल्यावर मी नैसर्गिक मृत्यू कसा लिहू? पोलिसांना कळवावं लागेल."

मॅडमनी हातातला फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पोलीस आले, त्यांनी सावेडीतला सरांचा फ्लॅट उघडला. न्हाणीघरात बादली फुटलेली होती. खालच्या बाईंनी सांगितलं, शनिवारी वर काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला होता. हाक मारली तर सर वरून म्हणाले, काही नाही, बादली पडली. म्हणजे मी सांगितलं ते खरं होतं. सरांनी शिकवलेलं खरं होतं. सरांना सरकारी दवाखान्यात नेलं आणि पोस्टमॉर्टेम झालं.

अमरधाममध्ये मी मागे उभी होते. अग्नी मुलीनं दिला. सगळे पांगल्यावर ती माझ्याकडे आली आणि तिनं मला मिठी मारली.

"मावशी, मला कळलं सगळं. तुमच्यामुळे मला पप्पांचं करता आलं. नाहीतर मी आयुष्यभर..." ती मनापासून म्हणत होती. माझे हात खाली लोंबत राहिले, ते तिच्या पाठीवर ठेवायचं मला सुचलं नाही.

महिन्याभरानं ती फ्लॅट रिकामा करायला आली तेव्हा तिनं मॅडमना आणि मला बोलावलं. पुस्तकं मॅडमसाठी बाजूला काढली होती. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आला होता, तो इंग्रजीत होता. मॅडम मोठ्यानं वाचत मराठीत सांगत होत्या. कवटीच्या तळाला तडा. आत रक्त साचलेलं. हृदय थोडं मोठं. फुप्फुसं ठीक. यकृत ठीक. किडन्या दोन्ही ठीक, विशेष काही नाही.

"बाकी तब्येत चांगली होती म्हणजे," मुलगी म्हणाली.

मॅडमनी कागद तिला परत दिला. मी पुस्तकांवरची धूळ पुसत होते, ती पुसत राहिले. ज्यांनी बघितलं त्यांना डोक्याचं कारण हवं होतं, ते मिळालं. पोटात कुणी हात खाली सरकवलाच नसेल. बाकीचं नेहमीसारखं लिहिलं असेल. मला त्यांचा राग नाही. माझा मला आहे.

जुलैच्या अखेरीस... नाही, महिना नीट आठवत नाही, नवीन बॅचला किडनी शिकवायचा दिवस होता तो. खिडकीजवळचं टेबलही आता गेलं आहे. तिथे पडद्याचं टेबल आहे. मॅडम शिकवत होत्या, मुलं चारी बाजूंनी वाकून बघत होती. पडद्यावर दोन किडन्या होत्या, काजूसारख्या, गुळगुळीत, एकमेकींपासून लांब. मॅडमनी बोट फिरवलं की दोन्ही सावकाश फिरायच्या.

"मॅडम, सगळ्यांच्या अशाच असतात?" एका मुलीनं विचारलं.

"जवळजवळ. थोडाफार फरक असतो."

"सरांच्या न्हवत्या," मी म्हणाले.

सगळे वळले. मी दारात बादली घेऊन उभी होते.

"काय म्हणालात, मावशी?"

"सरांच्या जोडलेल्या हुत्या. खालून."

मॅडम माझ्याजवळ आल्या. मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "मावशी, रिपोर्ट मी तुमच्यासमोरच वाचला ना? तसं काही नव्हतं."

"सरांनी सांगितलं हुतं मला."

"सर गंमत करायचे हो तुमची."

मागे कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चहा घेऊन या म्हणाल्या, आणि परत टेबलाकडे गेल्या. ज्या मुलीनं विचारलं होतं ती अजून माझ्याकडे बघत होती. मग पडद्यावर पुढचं चित्र आलं आणि तीही वळली.

सर मुलांची गंमत करायचे. माझी त्यांनी कधी केली नाही. दाखवायला माझ्याकडे काही नाही, कागद मीच मोरीत ओतला. म्हणून इथे लिहून ठेवते. सरांच्या दोन्ही किडन्या जोडलेल्या होत्या. जोड मध्ये होता, बेंबीच्या किंचित वर, मणक्याच्या पुढे, दोन बोटं रुंद. त्या दिवशी दार लोटल्यावर सरांनी शर्टावरूनच बोट फिरवून दाखवलं होतं. डावीकडून खाली आलं, मध्ये थोडं थांबलं, आणि उजवीकडे वर गेलं.